गोळ्यांचा हिशोब आहे, वजनाचा नाही

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष न टिकणाऱ्या आणि अतिचंचल मुलांना दिलं जाणारं उत्तेजक औषध. आपल्या औषध नियमांत ते परिशिष्ट ‘एक्स’मध्ये येतं. दुकानदाराला त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत घ्यावी लागते आणि त्यातली एक प्रत दोन वर्षं जपावी लागते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही त्याचं नाव आहे. एक पट्टी इकडची तिकडे झाली तरी जाब विचारता यावा, असा हा बंदोबस्त आहे आणि तो योग्यच आहे. पण हीच गोळी ज्या मुलाच्या पोटात रोज जाते, त्याचं वजन गेल्या तीन महिन्यांत किती वाढलं, उंची वाढते आहे की अडली आहे, नाडी किती चालते, हे कुठल्या वहीत लिहायला या नियमांनी कोणालाही बांधलेलं नाही. या औषधाच्या दुष्परिणामांवर आपल्याकडे वाद होतो तो ‘द्यावं की देऊ नये’ इथेच अडकून पडतो. माझं म्हणणं असं, की यातले बहुतेक दुष्परिणाम वेळेत दिसू शकतात, मोजता येतात आणि मोजले तर आवरताही येतात. म्हणून ते न मोजता देणं आणि लपवून देणं, हा या औषधातला सर्वांत मोठा धोका आहे.

नाशिकमध्ये या वादाला स्वतःचा एक रंग आहे. तो दिसावा म्हणून इथे दोन माणसं उभी केली आहेत. नाना नाशिकरोडचे, निवृत्त, नातवंडांचे आजोबा. बाई विशेष शिक्षिका. दोघंही कल्पित आहेत. त्यांची मतं मात्र या शहरात सहज ऐकू येतील अशी आहेत.

नाना : बाई, राग मानू नका, पण मी स्पष्टच बोलतो. ऑक्टोबर २०२३मध्ये आमच्या नाशिकरोडच्या पलीकडे, शिंदे गावात, मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी एमडी या अमली पदार्थाचा कारखाना पकडला. जवळपास ३०० कोटींचा माल होता म्हणाले. त्याच महिन्यात शहरात नशेविरुद्ध मोर्चा निघाला. तेव्हापासून घराघरात पोरांची दप्तरं तपासली जाताहेत. आणि त्याच शहरात तुम्ही सांगता, आठ वर्षांच्या पोराला रोज सकाळी उत्तेजक गोळी द्या. एमडी मेंदूत डोपामिन वाढवते, ही गोळीही डोपामिनच वाढवते. मग एकीला पोलीस पकडतात आणि दुसरीला डॉक्टरांचा शिक्का मिळतो, याहून वेगळं त्यात काय आहे ते मला समजावून सांगा.

बाई : राग कशाला मानू, नाना? तुमची भीती खोटी नाही. पण वर्गात ते मूल मी बघते. दोन ओळी लिहिल्या की उठतं, वही अर्धी, डबा सांडलेला, खेळात कोणी घेत नाही आणि घरी गेलं की पाठीत धपाटे. हे वर्षानुवर्षं चालतं. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तेच मूल सलग पाच ओळी लिहितं, गणित पुरं करतं, कोणीतरी त्याला शाबास म्हणतं. भूक थोडी कमी होते, झोप थोडी उशिरा येते, हे मला मान्य आहे. पण एवढ्यासाठी त्याचं बालपण वाया घालवायचं का?

नानांच्या प्रश्नाला आधी उत्तर द्यायला हवं, कारण या शहरात तीच भीती बाकीच्या सगळ्या चर्चेवर सावली धरते. डोपामिनशी दोन्हींचा संबंध आहे, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मिथाइलफेनिडेट पेशींमधून बाहेर पडलेलं डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन परत शोषलं जाण्याची वाट अडवतं. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पेशींना ते बाहेर ओतायलाच लावतं, शिवाय सेरोटोनिनचा साठाही उपसतं. पण यापेक्षा मोठा फरक वेगात आहे. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत नोरा व्होल्कॉव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मेंदूची प्रतिमाचित्रं घेऊन हे दाखवलं. तोंडावाटे घेतलेलं मिथाइलफेनिडेट मेंदूत शिगेला पोहोचायला सुमारे तासभर घेतं. शिरेतून टोचलं तर काही मिनिटांत पोहोचतं. झिंग येते ती या झपाट्यामुळे. म्हणजे नेमक्या मात्रेत गिळलेली गोळी आणि नशेसाठी ओढलेली पूड यांना एकाच रांगेत बसवणं चूक आहे. मात्र याच निष्कर्षातून हेही निघतं, की तीच गोळी कुटून नाकाने ओढली तर ती नशेच्या वाटेला लागते. म्हणून दुकानातलं कुलूप घरातही हवं, गोळी मोठ्या माणसाने समोर बसून द्यायला हवी आणि मोठ्या भावाच्या परीक्षेसाठी धाकट्याची गोळी कधीही देता कामा नये. या शेवटच्या मोहाला आता पुरावाही आडवा येतो. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३मध्ये ४० निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगात या प्रकारच्या औषधांनी मेहनत आणि वेळ वाढला, पण अवघड कोडी सोडवण्याचा दर्जा घसरला. कॉलेज रोडवरच्या क्लासेसना जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण नानांच्या भीतीचा एक परिणाम आहे ज्याचा त्यांनी विचार केलेला नाही. गोळीला एमडीची बहीण म्हटलं की घर ती लपवायला लागतं. शाळेला सांगत नाहीत, आजी-आजोबांना सांगत नाहीत, खोकल्यासाठी ज्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेतात त्यांनाही सांगत नाहीत. मग दुपारचा डबा भरलेला परत येतो तो का, हे कोणालाच उमगत नाही. सर्दीवरच्या ज्या औषधांत नाक मोकळं करणारा आणि रक्तदाब वाढवणारा घटक असतो, ती या गोळीच्या जोडीला दिली जाऊ शकतात. मुलगा संध्याकाळी सहाला चिडून आदळआपट करतो ती गोळीचा अंमल उतरताना होणारी चिडचिड आहे, हे ट्यूशनच्या मास्तरांना कळत नाही. ते त्याला उद्धट म्हणून मोकळे होतात. ज्या माणसांच्या डोळ्यांना दुष्परिणाम दिसू शकले असते, त्यांचेच डोळे आपण बांधून ठेवतो.

आता बाईंचं ‘थोडी’. भूक थोडी कमी होते म्हणजे किती? कॉक्रेन संस्थेने २०१५मध्ये १८५ चाचण्या आणि बारा हजारांहून अधिक मुलं-मुली यांचा आढावा घेतला. गोळी घेणाऱ्यांत भूक मंदावण्याचा धोका न घेणाऱ्यांच्या साडेतीन पटींहून जास्त आढळला, झोपेच्या तक्रारींचा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त. दुष्परिणाम गंभीर नव्हते, पण ते अपवादात्मकही नव्हते. दर हजारी पाचशेहून अधिक मुलांमध्ये काही ना काही तक्रार होती. गोळीविना असलेल्या गटातही ती संख्या चारशेच्या घरात होती, हेही सांगायला हवं, कारण डोकं दुखणं, पोट दुखणं हे मुलांना एरवीही होतंच. भूक मरण्याचा हिशोब मात्र तिथेच संपत नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९मध्ये पहिले निष्कर्ष आलेल्या ‘एमटीए’ या मोठ्या चाचणीतल्या मुलांना पुढे वर्षानुवर्षं मोजत राहिले. तीन वर्षांनी, नव्याने औषध सुरू करून ते घेत राहिलेली मुलं औषध न घेतलेल्यांपेक्षा सुमारे २ सेंटिमीटर बुटकी आणि पावणेतीन किलो हलकी भरली. ती मोठी झाल्यावर २०१७मध्ये पुन्हा हिशोब आला, तेव्हाही औषध घेतलेल्यांच्या उंचीत अडीच सेंटिमीटरच्या आसपास तूट होती. दोन-अडीच सेंटिमीटरने आयुष्य थांबत नाही. पण ते बालपणातून वजा होतात, आणि पालकांना ते आधी सांगितलेले असले पाहिजेत.

इथे नाशिक जिल्ह्याचा प्रश्न अमेरिकेपेक्षा वेगळा होतो आणि मला सर्वांत जास्त काळजी याच जागी वाटते. हे आकडे ज्या मुलांचे आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या ताटात अन्न कमी नव्हतं. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि ३६ टक्के कमी वजनाची आढळली. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांवर कुपोषण ही काही नवी बातमी नाही. ज्या मुलाची वाढ आधीच मागे आहे, त्याची भूक औषधाने आणखी मारली तर ती दोन सेंटिमीटरची तूट तेवढीच राहील असं मानायला कुठलाही आधार नाही. शिवाय भूक मरते ती नेमकी कधी? सकाळी साडेसातला दिलेली दीर्घ अंमलाची गोळी दुपारी जोरात असते. सरकारी शाळेत खिचडी मिळते ती तेव्हाच. पंतप्रधान पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. ज्या घरी रात्री भाकरीबरोबर पातळ आमटी असते, त्या मुलाचं दिवसातलं सर्वांत भरीव जेवण हेच. गोळी नेमकी त्या ताटावर झाकण ठेवते, आणि ते झाकण कोणी पाहत नाही, कारण पटावर हजेरी लागते, ताटात काय उरलं हे लिहिलं जात नाही.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. आधी पोटभर न्याहारी, मग गोळी. पोहे, थालीपीठ, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, जे घरात होतं ते. फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवायच्या ठरल्या. झोपेसाठी घेतलेल्या त्या निर्णयाचा या मुलांना दुहेरी फायदा आहे, कारण उठल्यावर खायला वेळ मिळतो. पाचवीपासून सातच्या शाळेला धावणाऱ्या मुलाचं काय, हा प्रश्न उरतोच. संध्याकाळी सात-आठला अंमल ओसरला की भूक परत येते. तेव्हा ‘आत्ता काय खातोस, अभ्यास कर’ म्हणायचं नाही, तेव्हाच भरपेट वाढायचं. झोप लांबत असेल तर गोळीची वेळ अलीकडे आणायची किंवा कमी तासांची गोळी घ्यायची. हे सगळं करूनही वजन वाढत नसेल तर मात्रा कमी करायची, सुट्टीत खंड द्यायचा किंवा थांबायचं. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१८ची मार्गदर्शक सूत्रं याबाबत नेमकी आहेत : दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी, नाडी आणि रक्तदाब मात्रा बदलताना आणि दर सहा महिन्यांनी. यासाठी लागणारी साधनं म्हणजे एक काटा, एक मोजपट्टी, एक घड्याळ आणि रक्तदाबाचं यंत्र.

नाना : हे तुम्ही सगळं औषध चालतं असं धरून सांगताय. मी तर वाचलं, की जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध आपल्या अत्यावश्यक यादीत घ्यायला २०१९मध्ये आणि पुन्हा २०२१मध्ये नकार दिला. तुमच्या त्या कॉक्रेनवाल्यांनीच पुराव्याचा दर्जा फार कमी म्हटलाय. दुष्परिणाम पक्के आणि फायदा कच्चा, असा हा सौदा आहे. हा सौदा पोराच्या वतीने कोणी करायचा?

या आक्षेपातली प्रत्येक वस्तुस्थिती खरी आहे, म्हणून तो टाळता येत नाही. फायद्याचा पुरावा कच्चा का ठरला, याचं एक कारण मात्र पाहण्यासारखं आहे : खुद्द दुष्परिणाम. चाचणीत कोणाला खरी गोळी आणि कोणाला साखरेची, हे शिक्षक, पालक, डॉक्टर यांना कळता कामा नये. पण ज्याने डबा परत आणला, जो रात्री अकरापर्यंत जागा राहिला, त्याच्याकडे पाहून ते ओळखू येतं. आणि ओळखलं की ‘सुधारला हो’ असा शेरा नकळत पडतो. कॉक्रेनच्या अभ्यासकांनी विश्वास कमी धरला त्यामागे ही अडचण होती. त्यावरून औषध निष्फळ आहे असं ठरत नाही. वर्गात लक्ष वाढल्याच्या नोंदी शेकडो चाचण्यांत एकाच दिशेच्या आहेत. ठरतं ते एवढंच, की फायदा किती मोठा आहे याचा आकडा छातीठोकपणे सांगता येत नाही. दीर्घकाळाचं चित्र त्याहून धूसर आहे. एमटीए चाचणीत १४ महिन्यांपर्यंत नीट देखरेखीखाली औषध घेतलेल्या गटांची लक्षणं जास्त कमी झाली होती. तीन वर्षांनी मूळ गटांमधला फरक उरला नव्हता. मधल्या काळात कुटुंबांना आपापला उपचार निवडायची मोकळीक होती, त्यामुळे औषध हरलं असा अर्थ लावणं घाईचं होईल. पण कित्येक वर्षं न थांबता, न तपासता गोळी चालू ठेवायला त्यातून आधार मिळत नाही, हे नक्की. १४ महिन्यांच्या त्या यशात ‘नीट देखरेखीखाली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्या मुलांना दर महिन्याला बोलावून, शिक्षकांशी बोलून मात्रा जुळवली जात होती. ज्यांनी बाहेर, नेहमीच्या पद्धतीने औषध घेतलं, त्यांना तेवढा गुण आला नाही. आपण त्या चाचणीतली गोळी उचलली आणि देखरेख तिथेच ठेवली, तर त्या निकालावर आपला हक्क उरत नाही.

बाई : आणि काही न देण्याचे दुष्परिणाम, नाना? ते कोण मोजतं? शाळा सुटते, गाडी बेफाम चालवतात, व्यसनात पडतात ती हीच मुलं. तुम्ही ज्या एमडीला घाबरता, तिच्या दारात उपचार न झालेला मुलगा आधी पोहोचतो.

बाईंचं म्हणणं पोकळ नाही. स्वीडनमधल्या जवळपास दीड लाख एडीएचडी रुग्णांच्या नोंदींवरून २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध सुरू केलेल्यांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण न सुरू केलेल्यांपेक्षा सुमारे एक-पंचमांश कमी दिसलं. हा चाचणीचा पुरावा नाही, नोंदींचा आहे. जे औषध सुरू करतात त्यांचं घर, त्यांची काळजी घेणारी माणसं वेगळी असू शकतात. तरी उपचार न करणं म्हणजे शून्य धोका, हा समज त्यापुढे टिकत नाही. हृदयाबद्दलचा पुरावाही असाच दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. अमेरिकेत बारा लाख मुलं आणि तरुण यांच्या नोंदी तपासून २०११मध्ये आलेल्या अभ्यासात गंभीर हृदयघटना अत्यंत विरळ होत्या, वर्षाला लाखात तीनच्या आसपास, आणि औषध घेणाऱ्यांत त्या वाढलेल्या नव्हत्या. पण पुन्हा स्वीडनमधूनच, दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचा जो अभ्यास २०२३च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, त्यात दर वाढत्या वर्षागणिक हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढताना दिसला, मुख्यतः उच्च रक्तदाबाच्या रूपात. म्हणजे दहशत नको आणि गाफीलपणाही नको. आपल्याकडे एक खबरदारी जास्तीची आहे. लहानपणच्या घसादुखीनंतरच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडपा खराब झालेली मुलं आपल्याकडे अजून सापडतात. पहिली गोळी लिहिण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावणं आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का हे विचारणं, एवढं तरी व्हायलाच हवं. भास होणं, वेड्यासारखं वागणं हा दुष्परिणामही विरळ आहे. किशोर आणि तरुण वयातल्या रुग्णांच्या २०१९मधल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात साधारण ६६० जणांत एकाला तो झाला, मिथाइलफेनिडेटपेक्षा अ‍ॅम्फेटामिन घेणाऱ्यांत दुप्पट. विरळ असला तरी तो दिसताच गोळी थांबवायची असते, आणि दिसायला कोणीतरी जवळ, माहितगार असावं लागतं.

बाईंना मात्र एक गोष्ट मी आग्रहाने विचारेन. वर्गात मूल शांत झालं, याला आपण गुण म्हणतो. तो नेहमी गुण असतो का? चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी १९३७मध्ये अमेरिकेत मुलांच्या एका रुग्णालयात बेंझेड्रिन दिलं ते डोकेदुखीसाठी. तपासणीसाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढल्यामुळे मुलांची डोकी ठणकत होती. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण ३० पैकी १४ मुलं एकदम मन लावून अभ्यास करू लागली. ही सगळी उपचारपद्धती अशी एका अनपेक्षित परिणामातून जन्मली, आणि कोणता परिणाम हवा, कोणता नको हे त्यात पहिल्यापासून बघणाऱ्याच्या नजरेवर ठरत आलं आहे. मात्रा जास्त झाली की काही मुलं गप्प होतात, हसत नाहीत, खेळायला बोलावलं तर नको म्हणतात, नखं कुरतडत एका जागी बसून राहतात. साठ मुलांच्या वर्गात ते मूल सोयीचं वाटतं. त्याची आई म्हणते, माझं पोर हरवलं. हा दुष्परिणाम कोणत्याही यंत्रात मोजला जात नाही. तो मोजायचं साधन म्हणजे शिक्षक. म्हणून बाईंसारख्यांनी गोळीचा पुरस्कार करण्याआधी, मधल्या सुट्टीत ते मूल काय करतं, हे पाहून लिहून द्यायला हवं. खेळ थांबला असेल तर गुण वाढले तरी मात्रा चुकलेली आहे.

नाना : बरं, मी तुमचं मानलं. पण उघडपणे मोजा, शाळेला सांगा, दवाखान्यात नोंद करा, हे बोलायला सोपं आहे. एकदा शाळेत कळलं की पोराच्या कपाळावर शिक्का बसतो. ‘वेडाच्या गोळ्या घेतो’ म्हणतात. मुलीचं असेल तर लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. लपवणारे आईबाप मूर्ख नाहीत, बाई.

हा माझ्या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो फेटाळता येण्याजोगा नाही. कायद्यानेही या मुलांना पुरती ओळख दिलेली नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणजे शाळेला सांगितल्यावर बदल्यात काय हक्क मिळेल हे स्पष्ट नसतं, पण शिक्का मात्र लगेच बसू शकतो. तेव्हा सगळ्या गावाला सांगा असं मी म्हणत नाही. वजन आणि उंची शाळेत सगळ्याच मुलांची मोजावी, त्यात औषधाचं नाव येण्याचं कारण नाही. गोळी कोणती, हे माहीत असायला हवं ते तीन-चार जणांना : घरातली मोठी माणसं, एक वर्गशिक्षक, नेहमीचे डॉक्टर. बाकीची नोंद चिठ्ठीवरच होऊ शकते. चिठ्ठी दोन प्रतींत लिहावीच लागते. प्रत्येक वेळी तिच्यावर त्या दिवशीचं वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब हे चार आकडे लिहिले, तर एक प्रत घरी राहील आणि दुसरी दोन वर्षं दुकानाच्या कुलपात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, डॉक्टरांची सवय लागते. ती सवय शिकवण्याची जागाही याच शहरात आहे. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं ज्याला जोडलेली आहेत ते, १९९८मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, म्हसरूळला आहे.

बाई : आणि सुरगाण्याचं मूल? औषध नाशिकला मिळतं, डॉक्टर नाशिकला. बाप दोन महिन्यांतून एकदा मजुरी बुडवून एसटीने येतो आणि एकटाच गोळ्या घेऊन जातो. मूल आलेलंच नसतं. तुमचे चार आकडे कोणाचे लिहायचे?

अशा वेळी चिठ्ठी पुढे चालू ठेवू नये, असं माझं मत आहे, आणि ते कठोर आहे हे मला कळतं. जे मूल समोर आलेलं नाही, त्याची मात्रा ठरवता येत नाही. पण यावर ‘मग गरिबाच्या पोराला औषध नाही’ असं म्हणून बाई थांबतील, तर तेही मला मान्य नाही, कारण काटा सुरगाण्यातही आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, अंगणवाडीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये सुरू झाला तो इथून जवळच, पालघरला. त्याच्या तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आहे आणि त्याची पथकं सरकारी शाळांत वर्षातून एकदा जाऊन मुलांची उंची-वजन घेतात. वर्षातून एकदा हे या औषधासाठी फारच कमी आहे, दर तीन महिन्यांनी हवं. ते काम आरोग्य केंद्रातली परिचारिका दहा मिनिटांत करू शकते, जर शहरातल्या डॉक्टरांनी तिच्या नावाने एक कागद दिला असेल : या तारखांना वजन, उंची, नाडी, रक्तदाब घ्या, दुपारी जेवतो का विचारा, तीन महिन्यांत वजन वाढलं नाही, किंवा छातीत धडधड, चक्कर, भास असं काही सांगितलं, तर या नंबरवर फोन करा. बापाने पुढच्या खेपेला गोळ्यांच्या आधी तो भरलेला कागद टेबलावर ठेवायचा. तोही नसेल तिथे आधी वर्गातली बसायची जागा बदलणं, कामाचे छोटे तुकडे करणं, आईवडिलांना न मारता शिस्त लावायला शिकवणं यापासून सुरुवात करावी. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर पहिला उपचार म्हणून जगभर हेच सांगितलं जातं. गोळी त्यानंतर, आणि कागद भरून येऊ लागला की.